तिसऱ्या 'नको'नंतरचा चहा

नमस्कार. पत्रिकेवर विषय एकदम भारदस्त छापलाय, 'आयरिश चहा आणि दुसरं महायुद्ध'. महायुद्धावर येणारच आहे, पण आधी मी एक लाकडी पाळणा आणायला गेलो होतो ते सांगतो, त्याशिवाय पुढची गंमत कळायची नाही. आणि हो, आयर्लंड म्हटलं की वराडकरांचं नाव घ्यावंच लागतं, नाहीतर मालवणकर मंडळी उठून जातील. तर लिओ वराडकर, २०१७ साली तिथले पंतप्रधान झाले, वडील मुंबईचे, मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड. झालं. आता चहा.

मी तेव्हा आयर्लंडमधल्या कॉर्कला नोकरीत होतो, घरी बाळ यायचं होतं, आणि मॅक्रूमच्या पुढे एका शेतावर जुना पाळणा विकायला होता. सोबत ऑफिसातला तिथलाच एक मित्र. काम दहा मिनिटांचं. गाडीत त्याने मला बजावलं, चहा विचारतील, पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदाही नको, तिसऱ्यांदा 'बरं, एवढं म्हणताय तर'. मी म्हटलं, बाबा रे, मला हे काय शिकवतोस, मी सदाशिव पेठेत वाढलोय! (हशा) खरं सांगतो, इंग्लंडमध्ये एकदा रीतीप्रमाणे 'नको' म्हणालो तर त्यांनी ते खरंच धरलं, कप दिलाच नाही, आणि मी घसा कोरडा घेऊन तासभर बसलो. ते दुःख अजून आहे.

पण त्या दिवशी मला सकाळपासून ॲसिडिटी, चहा खरोखरच नको होता. दार उघडणाऱ्या आजी पाळण्याबद्दल एक अक्षर न बोलता थेट, "चहा घेणार ना?" मी तीनदा नको म्हणालो. चौथ्यांदाही. आजी गप्प. मित्र स्वतःच्या बुटांकडे बघतोय. मग आजी म्हणाल्या, "बरं, मग नुसता हातात घ्या."

हा 'हातातला कप' म्हणजे तिकडची खास पळवाट. टेबल मांडायचं नाही, बशा काढायच्या नाहीत, म्हणजे तो पाहुणचारात धरायचाच नाही. चहा तिकडे 'करत' नाहीत, 'भिजवतात', आणि मग किटली लोकरीचं टोपडं घालून शेगडीच्या कडेला मुरत ठेवतात. चांगला चहा कोणता, तर ज्याच्यावरून उंदीर दुडकत जाईल असा दाट. दूध घातलं तरी रंग विटेचा. कपामागून ब्राऊन ब्रेड आला, यीस्ट नाही, ताक आणि खायचा सोडा, भाजायच्या आधी वर सुरीने फुली मारलेली, आणि त्यावर लोणी असं की चीजची स्लाइस वाटावी. मग हॅम सँडविच. मी मांस खात नाही म्हणालो, तर आजी, "अहो, पण अगदी पातळ कापलंय!" शेवटी टेबल मांडलंच गेलं, अंडी उकडली, टीव्हीवर सहाची घंटा वाजली. गावाकडे या सहाच्या खाण्यालाच 'टी' म्हणतात, दुपारचं जेवण ते 'डिनर'. म्हणजे मी चहाला नाही म्हणता म्हणता रात्रीचं जेवून उठलो.

निघताना पैसे द्यायला गेलो, तर आजी म्हणतात, "नको नको, राहू दे." मी परत दिले. "छे, अजिबात नको." मी मनात मोजत होतो. तिसऱ्यांदा घेतले.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं. तर महायुद्ध. आयर्लंड तटस्थ होता, त्या काळाला ते युद्ध म्हणतच नाहीत, आणीबाणी म्हणतात (आपली वेगळी). चहा सगळा लंडनच्या बाजारातून यायचा. इंग्रजांनी हात आखडता घेतला आणि १९४१ मध्ये रेशन आलं माणशी आठवड्याला अर्ध्या औंसावर, म्हणजे चौदा ग्रॅम, आजच्या चार-पाच टी-बॅगा. विचार करा, ज्या घरात पाहुण्याला तीनदा विचारायचं, त्या घरात चौदा ग्रॅम! वापरलेली पत्ती वाळवून परत उकळायचे. पाहुण्याला खायला न घालता परत पाठवलं तर दंड, असं ब्रेहन कायद्यात, म्हणजे आयर्लंडच्या प्राचीन कायद्यात होतं, त्या देशाची ही नामुष्की. मग सरकारने स्वतःची व्यवस्था उभी करून चहा थेट भारतातून घ्यायला सुरुवात केली, लंडनला वगळून. माझं म्हणणं एवढंच होतं, की दुसऱ्याच्या हातातून चहा घ्यावा लागणं ही त्यांना भुकेपेक्षा जास्त लागलेली गोष्ट आहे, आणि चहा तिथे साधा धंदा नाही, १९०१ पासूनच्या बॅरीज या चहाच्या पेढीतले पीटर बॅरी पुढे देशाचे परराष्ट्रमंत्री झाले, उत्तर आयर्लंडबद्दल ब्रिटनशी झालेल्या १९८५च्या अँग्लो-आयरिश कराराच्या वेळी तेच होते, त्यावर वेगळं बोलायला हवं, आज वेळ नाही.

आजींना मी त्या दिवशी मोठ्या अभिमानाने सांगितलं होतं, की तुमच्या या चहात आमचा आसाम आहे. त्यांनी डब्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, म्हणाल्या, "नाही हो, हा कॉर्कचाच." आणि कप परत भरला.