लेंडीला विचारा

राम राम मंडळी. फळ्यावर विषय लिहिलाय, ‘शेळ्यांची जंतनाशके : सुरक्षितता आणि परिणामकारकता’. बोलतो त्यावर. पण आधी खोक्याची गोष्ट, ती झाल्याशिवाय मला पुढचं सुचत नाही.

साक्रीकडच्या एका आजीच्या बारा शेळ्या. औषध पाजून झालेलं, तरी दोघींच्या जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबत होती. आजी म्हणे, “दादा, जंत पडनात ना! मी मन्हा डोयाघाई देखं.” म्हणजे जंत पडले, तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. खोटं नव्हतं. लेंडीत तांदळासारखे पांढरे तुकडे पडले होते, पण ते पट्टकृमीचे. तो त्या मानानं गरीब. रक्त पिणारा जंत, हिमॉन्कस, बसतो चौथ्या पोटात. त्याची एक मादी दिवसाला 5 ते 10 हजार अंडी घालते आणि त्यातलं एकही डोळ्याला दिसत नाही.

म्हणून प्रत्येकीच्या गुदद्वारातून लेंड्या काढल्या (जमिनीवरची कुणाची, ते त्या लेंडीलाच ठाऊक), पुड्या बांधल्या, पेढ्यांच्या रिकाम्या खोक्यात भरल्या आणि धुळ्याची एसटी धरली. दिवस नवरात्राचे, गाडीत गडावरून परतणारी मंडळी. शेजारच्या मावशींनी खोक्याला हात जोडले. मी गप्प. मग त्यांनी तळहात पुढे केला! म्हटलं, “मावशी, हे अजून तपासायचंय.” त्या म्हणाल्या, “देवीना परसाद बी तपासतस तुम्ही?” धुळं येईपर्यंत त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

खरी फजिती पुढेच. दुसरं औषध पाजलं, चौदा दिवसांनी मोजलं, अंडी उतरलेली. आजीला छाती फुगवून सांगून आलो. आमच्या सरांनी एवढंच विचारलं, “बिनऔषधाच्या शेळ्यांची किती उतरली?” तशा मी ठेवल्याच नव्हत्या. पाऊस सरलेला, रान वाळत चाललेलं; अंडी तशीही उतरली असती.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. बरं, पळत सांगतो. 10-15 शेळ्या औषधाच्या, तेवढ्याच बिनऔषधाच्या. वजन काट्यावर करा; 30 किलोची शेळी नजरेनं 22 ची धरली, तर औषध नापास आणि चूक आपली. मीठपाण्यात तरंगणारी अंडी मॅकमास्टर स्लाईडवर (अंडी मोजायची रेघांची काच) मोजा. लेंडीच्या ग्रॅमला 1000 होती, चौदा दिवसांनी 100 राहिली, तर घट 90 टक्के. ऐकायला झकास, पण कसोटी साधारण 95 ची. म्हणजे जंत त्या औषधाला निर्ढावलेत. तिसऱ्याच दिवशी मोजू नका. आयव्हरमेक्टिन या औषधानं माद्या मरत नसल्या तरी काही दिवस अंडी घालायच्या थांबतात.

सुरक्षितता. शेळी म्हणजे लहान मेंढी नव्हे. अल्बेंडाझोल तिच्या अंगातून लवकर निघून जातं, मेंढीचा डोस तिला अपुरा पडतो. मग सगळंच दुप्पट पाजू? नको. लेवामिसोल जास्त झालं की लाळ गळते, अंग थरथरतं. क्लोझँटेल फार झालं तर शेळी आंधळी होऊ शकते. गाभणीला पहिल्या महिन्यात अल्बेंडाझोल नको. म्हणून तर बाजारात येण्याआधी औषध तिप्पट, पाचपट देऊनही पाहतात. औषधानंतर दूध-मटण किती दिवस वर्ज्य, ते राहिलंच, बाटलीवर वाचा.

चहा आला म्हणतात. “कोणत्या कंपनीचं घेऊ?” असं विचारणार असाल, तर उद्या सकाळी लेंड्या घेऊन या. पुडीवर शेळीचं नाव लिहा. आणि पेढ्याचं खोकं नको.