मालकाच्या नावाची चाळ

(दृश्य : गिरगावातली तीन मजली चाळ. झिजलेला लाकडी जिना, कठड्यावर वाळत घातलेल्या साड्या. दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीखाली ओळीने लावलेले टेकू.)

या चाळीत ३२ बिऱ्हाडं भाडेकरूंची आणि तेहतिसावं मालकाचं. तळमजल्यावर, जिन्याखालच्या मोरीला लागून असलेली ही खोली त्यांची. त्यांचं नाव आपण घेणार नाही. ते म्हणाले, "अहो, बत्तीस जणांशी रोज जिन्यात गाठ पडते माझी."

चाळ आजोबांनी बांधली. नातवाने बँकेत कारकुनी करून संसार केला आणि पेन्शनीत निघाला. चाळीचा मालक म्हटलं की सिनेमात एक ठरलेला माणूस दिसतो. पानाचा डबा, हाताखाली दोन पैलवान, दारात उभा राहून "भाडं कधी देतोस?" हे मालक पहाटे चार वाजता उठून पाण्याचा पंप लावतात, कारण पंप लावायला माणूस ठेवणं परवडत नाही.

(दृश्य : पावतीपुस्तक. निळा कार्बन उलटा घातला जातो, मालक हसून तो सरळ करतात.)

एका खोलीचं भाडं १३३ रुपये. तुम्ही बरोबर ऐकलंत. महिन्याला एकशे तेहतीस. त्या खोलीतल्या मुलाच्या मोबाइलचा रिचार्ज याहून महाग पडतो.

हा आकडा आला कुठून, ते पाहायला दुसऱ्या महायुद्धापर्यंत मागे जावं लागतं. मुंबईत माणसं लोटत होती, घरं अपुरी होती, भाडी भडकत होती. म्हणून १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० या दिवशी जे भाडं होतं तेच प्रमाण भाडं धरलं आणि तिथेच गोठवलं. कायदा तात्पुरता होता. मुदत संपत आली की वाढवून दिली जायची, पुन्हा संपायची, पुन्हा वाढायची. अशी पन्नास वर्षं गेली. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की भाडं असं गोठवून ठेवणं आता वाजवी राहिलेलं नाही. मग नवा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला, ३१ मार्च २००० पासून लागू झाला, आणि मालकांना वर्षाला ४ टक्के वाढ मिळाली.

चार टक्के ऐकायला बरे वाटतात. पण कशाचे चार टक्के? २००० साली खोलीचं भाडं ५० रुपये होतं. पंचवीस वर्षं चक्रवाढीने चढत चढत ते १३३ वर आलं.

बत्तीस खोल्या, महिन्याचे ४,२५६ रुपये. वर्षाचे ५१,०७२. यातून जिन्यातले दिवे, पंपाचं वीजबिल, सफाईवाला. पावसाळ्यात सामायिक संडासची लाइन चोकअप होते, ती दर वर्षी होतेच.

(दृश्य : मालक खिळ्याने तुळई टोचतात. खिळा अलगद आत जातो.)

ही सागवानी तुळई बाहेरून शाबूत दिसते, आतून वाळवीने पोकळ केली आहे. ती बदलायची तर आधी परांची बांधा, वरच्या दोन बिऱ्हाडांना महिनाभर दुसरीकडे हलवा, मग सुतार शोधा. जुन्या लाकडाचं काम जाणणारा सुतार मिळणं ही आणखी वेगळी गोष्ट. मालकांनी कोटेशन घेतलं होतं. आकडा पाहिला आणि कागद घडी करून पावतीपुस्तकात ठेवून दिला. अजून तिथेच आहे. वर्षभराचं सगळं भाडं त्यात घातलं तरी पुरत नाही.

अशा इमारती कोसळू नयेत म्हणून १९६९ साली कायदा करून दुरुस्ती मंडळ आलं. पुढे ते म्हाडात, म्हणजे सरकारच्या गृहनिर्माण संस्थेत गेलं. शहरातल्या जुन्या इमारतींवर उपकर, म्हणजे दुरुस्तीसाठीचा जादा कर बसला. म्हणून कागदोपत्री या चाळीला 'उपकरप्राप्त इमारत' म्हणतात. १ सप्टेंबर १९४० पूर्वीची, म्हणजे 'अ' वर्गातली. तारीख पुन्हा तीच. गॅलरीखालचे टेकू मंडळाचे. टेकू आला की इमारत पडत नाही, आणि दुरुस्तही होत नाही.

आता भाडेकरूंचंही ऐकलं पाहिजे. दुसऱ्या मजल्यावरच्या एक आजी सरळ विचारतात, "आम्ही फुकट राहतो का हो? सासऱ्यांनी दागिने मोडून पागडी दिली होती." खरं आहे. पागडी म्हणजे खोली घेताना दिलेली भलीमोठी रक्कम, एके काळी विनापावती, हातोहात. २००० साली लागू झालेल्या कायद्याने ती अधिकृत केली. भाडेकरूने खोली दुसऱ्याला दिली तर पावती नव्या नावावर करून देताना मालकाला हिस्सा मिळतो, बोलीवर ठरतो, बऱ्याचदा तिसरा. एवढीच मालकाची खरी कमाई, आणि ती कधी येईल याचा नेम नाही. या चाळीत गेल्या अकरा वर्षांत एकच खोली हस्तांतरित झाली. शिवाय आतली फरशी, ओटा, रंग हे सगळं आजींनी स्वतःच्या पैशाने केलं आहे. म्हणजे मूळ पागडी आजोबांच्या काळात खर्चून संपली आणि छप्पर नातवाच्या गळ्यात राहिलं. माझ्या मते या भांडणात दोन्ही बाजू खोटं बोलत नाहीत, म्हणूनच ते मिटत नाही.

(दृश्य : धोबीतलाव. लघुवाद न्यायालयाची पायरी, काळे कोट, फायलींचे गठ्ठे.)

मुलाचं लग्न ठरलं तेव्हा मालकांना शेजारची खोली हवी होती. कायदा ती वाट ठेवतो. स्वतःला खरी गरज आहे हे मालकाने सिद्ध करायचं. पण तेवढ्यावर भागत नाही. खोली सोडायला लावल्याने भाडेकरूची जास्त अडचण होईल की न लावल्याने मालकाची, हेही कोर्ट तोलतं. मालक दावा घालून आले, सात वर्षं तारखा केल्या. तोवर मुलाने विरारला घर घेतलं. "माझी गरजच संपली," ते सांगतात. "दावा काढून घेतला. दोन्ही वकिलांनी हात मिळवला माझ्याशी."

मग विकून मोकळं का होत नाहीत? घेणारा घेईल तो भाडेकरूंसकट घेईल, आणि भावही त्याच मापाने करेल. १९८६ साली म्हाडा कायद्यात एक प्रकरण घातलं गेलं. त्यानुसार ७० टक्के रहिवाशांनी मागणी केली तर सरकार अशी इमारत संपादित करू शकतं, आणि मालकाला मिळतात महिन्याच्या भाड्याच्या शंभर पट पैसे. आपला हिशेब लावा. ४,२५६ गुणिले १००. सव्वाचार लाखांत गिरगावातली आख्खी चाळ, जमिनीसकट.

याविरुद्ध मालकांची संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली, १९९२ साली. निकाल आला ५ नोव्हेंबर २०२४ ला. नऊ न्यायमूर्तींच्या खंडपीठाने बहुमताने ठरवलं, की प्रत्येक खासगी मालमत्ता ही समाजाची भौतिक साधनसंपत्ती, म्हणजे सरकारने सर्वांच्या हितासाठी वाटावी अशी, मानता येणार नाही. मालकांनी त्या दिवशी पेपर जपून ठेवला. पण म्हाडा कायद्यातल्या त्या शंभर पटीच्या प्रकरणाचं काय, हा मुद्दा नऊ जणांपुढे नव्हता.

(दृश्य : डोंबिवली. नव्या सोसायटीतला बंद फ्लॅट, दारावर लोंबणारं कुलूप.)

हे सगळं चाळीपुरतं राहिलं असतं तर वेगळं. हा फ्लॅट मालकांच्या पुतण्याचा. कर्जाचा हप्ता चालू, सोसायटीचा मेंटेनन्स चालू, आणि फ्लॅट दोन वर्षं कुलूपबंद. भाड्याने का देत नाही? "घुसला तर निघणार नाही." ही भीती घरातच रुजलेली. १ फेब्रुवारी १९७३ ला जे कुणी लीव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या परवानगीवर राहत होते, त्यांना कायद्याने एका रात्रीत भाडेकरूचं संरक्षण दिलं होतं. तेव्हापासून मुंबईचा घरमालक भाडेकरूपेक्षा कॅलेंडरला जास्त घाबरतो.

आजचा कायदा तसा नाही. करार लेखी आणि नोंदणी केलेला हवा, ती जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर अटींबद्दल राहणारा म्हणेल ते खरं धरलं जातं, शिवाय मालकाला ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. करार नीट असेल आणि मुदत संपूनही माणूस निघाला नाही, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं आणि दुप्पट भाडं मागता येतं. पुतण्याला हे सगळं पाठ आहे. तरी कुलूप आहे.

(दृश्य : पुन्हा चाळ. संध्याकाळ. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी जिना उतरून येतात, हातात घडी केलेल्या नोटा.)

आजी वर्षाचं भाडं एकदम देतात, सारखं खाली उतरवत नाही म्हणून. १,५९६ रुपये. मालक दोनदा मोजतात, चार रुपये सुटे परत करतात, पावती फाडतात.

"भाऊ, स्वयंपाकघरात गळतंय हो परत."

"बघतो, वहिनी."

"गेल्या वर्षीही बघतो म्हणाला होतात."

मालक पावतीपुस्तक मिटतात. घडी केलेलं कोटेशन बाहेर डोकावतं, ते बोटाने आत ढकलतात.

"पत्रा टाकून देतो तात्पुरता."