घोड नदीकाठी शहर का झालं नाही?

नमस्कार मंडळी. नदीकाठच्या संस्कृती म्हटलं की शाळेतली घोकंपट्टी आठवते, नाईल, टायग्रिस-युफ्रेटिस, सिंधू आणि ती चीनची ह्वांग हो. परीक्षेत जोड्या लावायला यायच्या. पण त्या यादीत आपली घोड नदी कधी आली का? नाही आली, आणि का नाही आली हेच आज जरा बघू. घोड म्हणजे भीमेला मिळणारी, शिरूरवरून जाणारी. तिच्या उजव्या काठावर इनामगाव आहे आणि तिथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व शाखेच्या लोकांनी १९६८ पासून १९८३ पर्यंत खणलं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही त्यातली मोठी नावं. खणल्यावर कळलं की सुमारे तीन हजार सहाशे वर्षांपूर्वी इथे शेती करणारं, चांगलं नांदतं गाव होतं.

आधी थोडं मागे जाऊ. गहू आणि जव म्हणजे बार्ली माणसाने पहिल्यांदा पेरायला घेतले ते पश्चिम आशियात, दहा हजार वर्षं तरी झाली त्याला. आपल्या बाजूला सगळ्यात जुनं ठळक ठिकाण म्हणजे बलुचिस्तानातलं मेहरगढ, बोलन खिंडीच्या पायथ्याशी, इसवी सनापूर्वी ७००० च्या आसपासचं. तिथले लोक मुख्यतः जव पिकवायचे, कच्च्या विटांची घरं बांधायचे, आणि हे ऐका, गारगोटीच्या बारीक टोकाने जिवंत माणसाच्या दाढेला भोक पाडायचे! तसल्या दाढा तिथल्या स्मशानात सापडल्यात. आपण डेंटिस्टकडे जायचं म्हटलं तरी दोन दिवस आधी घाबरतो.

मग हजारो वर्षांनी सिंधूच्या खोऱ्यात मोहेंजोदडो, हडप्पा, ४:२:१ मापाच्या विटा, गटारं, सगळं तुम्हाला माहितीये, त्यात वेळ घालवत नाही. फक्त एक गोष्ट डोक्यात ठेवा. सिंधूला पूर आला की पाणी मैलोन्मैल पसरतं, गाळ टाकतं, पाणी ओसरलं की त्या ओल्या गाळात गहू-जव टाकायचे, जमीन फार नांगरायलाही लागत नाही. हे गणित जमलं म्हणून शेतकऱ्याच्या घरात खाऊन उरेल इतकं धान्य आलं, आणि त्या उरलेल्यावर शहर उभं राहिलं.

इसवी सनापूर्वी १९०० नंतर ती शहरं मोडत गेली, लोक पांगले, काही दक्षिणेकडे सरकले. श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या काठी दायमाबाद आहे, तिथे उत्तर हडप्पा, म्हणजे ती शहरं मोडल्यानंतरच्या काळातली वस्ती सापडलीये, हडप्पा लिपीतल्या अक्षरांची खापरं आणि मातीच्या मुद्रा पण. १९७४ मध्ये तिथे झाडाचं मूळ खणताना एका शेतकऱ्याला ब्राँझचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा सापडले, चारही मिळून साठ किलोच्या वर वजन. रथाला दोन बैल जुंपलेत आणि हाकणारा उभा आहे. ते नेमके कोणत्या काळातले यावर तज्ज्ञांचं अजून एकमत नाहीये, पण बघण्यासारखे आहेत यावर कोणाचं दुमत नसावं.

आता इनामगाव. आधी माळव्याच्या बाजूची भांडी वापरणारे लोक आले, साधारण इसवी सनापूर्वी १६०० ला, मग १४०० पासून जोर्वे काळ. जोर्वे हे संगमनेरजवळचं गाव, तिथे ही भांडी पहिल्यांदा ओळखली म्हणून ते नाव. लाल भांडं, त्यावर काळ्या रंगाची नक्षी, लांब तोटी, आणि भाजलेलं इतकं पक्कं की टिचकी मारली तर धातूसारखा आवाज येतो. मुख्य पीक काय तर जव. ज्वारी-बाजरीशिवाय महाराष्ट्र म्हणजे काय असं आपल्याला वाटतं, पण या लोकांचं पोट रब्बीच्या जवावर होतं, जोडीला थोडा गहू, मसूर, वाटाणा, आणि गुरं, शेळ्या-मेंढ्या. नदीच्या बाजूने दगडमातीचा बांध घातलेला आणि पाणी वळवायला चर खणलेला. म्हणजे पाटबंधारे खातं निघायच्या तीन हजार वर्षं आधी कोणीतरी लोकांना गोळा करून हे काम करून घेतलं होतं.

तो कोणीतरी कोण असेल? खणताना एक पाच खोल्यांचं घर मिळालं, आणि शेजारीच धान्य साठवायची जागा. बाकीची घरं एकखणी-दोनखणी, आणि कुंभार, सोनार, मणी करणारे गावाच्या पश्चिमेच्या कडेला. त्या पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात चार पायांचा मोठा मातीचा रांजण पुरलेला होता आणि त्यात चाळिशीतला एक पुरुष बसलेल्या स्थितीत. आता इथे गंमत बघा. बाकीच्या मोठ्या माणसांना पुरताना घोट्याखालची पावलं तोडून टाकायचे, बहुतेक मेलेला माणूस उठून परत जाऊ नये म्हणून, आणि लहान मुलं गेली तर दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यात ठेवून घराच्या जमिनीखालीच पुरायचे. पण या रांजणातल्या माणसाची पावलं शाबूत! माझ्या मते हा गावचा पाटीलच म्हणायचा. धान्य त्याच्या शेजारी जमा होत होतं, म्हणजे वसुली असणारच, आणि वसुली आली की राज्य फार लांब राहत नाही.

मग राज्य का झालं नाही, शहर का झालं नाही? माणसं काही कमी हुशार नव्हती, बांध घालत होती, तांबं वापरत होती, सोनं घडवत होती. मला वाटतं अडचण जमिनीची होती. आपल्या दख्खनच्या नद्या बेसॉल्टच्या खडकात खोल उतरलेल्या आहेत, पूर आला तरी पाणी सिंधूसारखं लांबवर पसरत नाही, गाळाची पट्टी नदीला चिकटून असते आणि अरुंद असते. त्या पट्टीच्या पलीकडे काळी माती. ती सुपीक आहे हे खरं, पण ज्याने उन्हाळ्यात भेगा पडलेलं आणि पावसात चिकटून बसलेलं रान बघितलंय त्याला विचारा, लाकडाच्या नांगराने ते फुटेल का. लोखंडाचा फाळ लागतो आणि लोखंड अजून आलं नव्हतं. तांबं होतं पण थोडं, रोजचं कापणं-सोलणं तर गारगोटीच्या पात्यांनीच चालायचं. त्यामुळे एक दायमाबाद सोडलं तर जोर्वे काळातल्या बहुतेक वस्त्या छोट्या, वाड्या म्हणाव्या अशाच.

आणि मग इसवी सनापूर्वी १००० च्या सुमाराला पाऊस कमी होत गेला असं दिसतं. प्रवरा-गोदावरीकडच्या वस्त्या उठल्या, दायमाबाद पण. भीमेच्या खोऱ्यात इनामगाव टिकलं, पण कसं टिकलं ते बघा. मोठी चौकोनी घरं गेली आणि लहान गोल झोपड्या आल्या. भांड्यांवरची नक्षी उरकल्यासारखी झाली. शेती घटली, हरणांची शिकार वाढली. आपल्याला शिकवतात की माणूस आधी शिकारी, मग शेतकरी, मग शहरवासी, जिना चढल्यासारखा वर वर जातो. इनामगावचे लोक पाच-सहाशे वर्षं शेती करून परत निम्मे शिकारी आणि धनगर झाले, आणि मला त्यात हरल्यासारखं काही दिसत नाही, पीक येत नसेल तर जव पेरत बसून मरण्यापेक्षा मेंढ्या घेऊन हिंडणं शहाणपणाचं. तसं करून त्यांनी आणखी तीनशे वर्षं काढली. इसवी सनापूर्वी ७०० च्या सुमाराला तेही गाव सुटलं.

शहरं आपल्याकडे पुढे आलीच, पण वेगळ्या वाटेने. विदर्भात नायकुंडला लोखंड गाळायची भट्टी मिळालीये, इनामगाव सुटलं साधारण त्याच काळातली. लोखंड हातात आल्यावर काळी माती फुटली, मग पैठण, तेर आणि जुन्नर. यातलं जुन्नर बघा, ते कुकडीच्या काठी आहे आणि कुकडी पुढे घोडलाच मिळते. म्हणजे खोरं तेच. पण जुन्नर मोठं झालं त्यात नदीच्या गाळापेक्षा नाणेघाटाचा वाटा मोठा. कोकणातल्या बंदरांवरचा माल घाट चढून वर यायचा, सातवाहनांनी घाटात लेणं खोदलं, नागनिका राणीचा लेख कोरला. पाच खोल्यांच्या घरातला आपला तो पाटील फक्त जवावर अवलंबून होता, सातवाहनांकडे शेतीबरोबर घाटातल्या व्यापाराचा पैसाही होता.

जोर्व्याची भांडी बघायची असतील तर पुण्यात येरवड्याला डेक्कन कॉलेजचं म्युझियम आहे, जायच्या आधी फोन करून वेळ विचारा. पुढच्या वेळी नायकुंडच्या भट्टीबद्दल सविस्तर बोलू. नमस्कार.