नऊ रंग आणि डाईंग खातं

नमस्कार मंडळी.

नवरात्र तोंडावर आलंय आणि आपल्या ग्रुपवर नऊ रंगांची यादी फिरायला लागली आहे. ही प्रथा पोथीतली नव्हे. गेल्या वीसेक वर्षांत मुंबईच्या वर्तमानपत्रांनी ती रुजवली, लोकलच्या लेडीज डब्यांनी उचलून धरली आणि आता ती इथवर पोचली. मला ती मनापासून आवडते. मात्र साडीचा रंग निवडताना तो चढवणाऱ्यांचीही आठवण व्हावी असं वाटतं. माझे वडील प्रभादेवीच्या एका गिरणीत डाईंग खात्यात होते.

निळ्याबद्दल ते रंगून सांगत. नीळ पाण्यात विरघळत नाही. कॉस्टिक सोडा आणि हायड्रो (ऑक्सिजन काढून घेणारं रसायन) घालून ती टाकीत उतरवावी लागते, आणि तिथे ती निळी राहतच नाही. सूत बाहेर काढलं की पिवळट-हिरवं दिसतं. मग हवा लागते आणि डोळ्यांदेखत निळं चढत जातं. गडद हवं असेल तर पुन्हा बुडवायचं, पुन्हा हवेवर धरायचं. पिळण्यात हात कमी-जास्त पडला तर सगळा लॉट पट्ट्यापट्ट्यांचा.

याच निळीपायी बिहारमधल्या चंपारणचा शेतकरी नाडला गेला. १८९७पासून जर्मनीची कारखान्यात केलेली नीळ बाजारात आली, झाडाच्या निळीचा भाव पडला, आणि मळेवाल्यांनी तोटा कुळांच्या माथी मारला: निळीच्या सक्तीच्या लागवडीतून सुटायचं तर जमिनीचा वाढीव खंड भरा. १९१७ साली गांधीजी तिथे गेले ते यासाठी.

लाल रंगाचंही तेच झालं. मंजिष्ठेच्या मुळातलं रंगद्रव्य जर्मन रसायनतज्ज्ञांनी १८६८मध्ये दगडी कोळशाच्या डांबरापासून तयार केलं. पुढे दहा-अकरा वर्षांत, १८७९ साली, नौरोसजी वाडियांनी मुंबईत एका साध्या शेडमध्ये बॉम्बे डाईंग सुरू केली. लाल, हिरवा, नारिंगी असे तीनच रंग. सूत हाताने बुडवायचं आणि उन्हात वाळवायचं.

हे शास्त्र शिकवणारी एक मोठी संस्था मुंबईत आली ती १९३३ साली. माटुंग्याचं यूडीसीटी, म्हणजे मुंबई विद्यापीठाचा रसायन तंत्रज्ञान विभाग, आजचं आयसीटी, तेव्हा सुरू झालं. रंगरसायनांवर जगभर वाचला गेलेला ग्रंथ लिहिणारे के. वेंकटरामन तिथले पहिले भारतीय संचालक. त्यांचं नाव आपल्या मुलांना ठाऊक असायलाच हवं.

१९८२च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या. तिथे टॉवर उभे राहिले, आणि डाईंग खात्यात राबलेली माणसं आता थकली आहेत. कोणत्या छटेला किती वेळ द्यायचा हे त्यांच्या हाताला ठाऊक होतं, ते कागदावर फारसं आलं नाही.

म्हणून एक विनंती. तुमच्यापैकी कुणाचे आजोबा, काका, मावशी गिरणीत किंवा रंगाच्या कारखान्यात होते? जेवणाच्या सुट्टीत मला गाठा, मी वही घेऊन दाराजवळच्या टेबलावर बसते. या आठवड्यात घरी फोन कराल तेव्हा त्यांचं बोलणं रेकॉर्ड करा. खातं कोणतं, पाळी कोणती आणि कोणता रंग जमवताना घाम फुटायचा, एवढं तरी विचारा. दसऱ्याच्या कार्यक्रमात ते आपण सगळे मिळून ऐकू.