आता आपलं गाणं

नमस्कार श्रोतेहो.

ऑर्केस्ट्रात आयुष्य काढलेला वादक ओळखायचा असेल, तर त्याच्यापुढे जुन्या गाण्याचा मुखडा गुणगुणू नका. मुखडा सगळ्या गावाला येतो. पहिलं कडवं संपल्यानंतर जो म्युझिक पीस वाजतो, तो गुणगुणा. त्याची बोटं टेबलावर चालायला लागतील. व्हायोलिन कुठे उठतात, सॅक्सोफोनला दोनच मात्रांची जागा कुठे आहे, काँगो थांबून ढोलक कुठे उचलतो, हे तो झोपेतून उठवलं तरी सांगेल. सांगली, मिरज, कुपवाड या पट्ट्यात अशी माणसं पुष्कळ आहेत. मी त्यांतलाच एक, बेस गिटार वाजवणारा. आज बोलायचंय ते आमच्यासारख्या, साठीच्या अलीकडे-पलीकडे असलेल्या वादकांनी काढलेल्या रॉक बँडबद्दल. दुसऱ्याची गाणी हुबेहूब वाजवून जे हात तयार झाले, त्या हातांनी आता स्वतःचं गाणं करावं आणि अगदी मन लावून करावं, असं मला फार वाटतं.

पूर्वी गणपतीचे दहा दिवस, गावोगावच्या जत्रा, लग्नसराई यांवर आमची घरं चालायची. सुपारी घ्यायची, टेम्पोत सामान टाकायचं, रात्रीचा कार्यक्रम करून पहाटे परत. स्टेजवर पंधरा-सोळा माणसं असायची. मग कीबोर्ड आला, व्हायोलिनवाले घरी बसले. ऑक्टोपॅड आला, काँगो-बोंगो माळ्यावर गेले. शेवटी ट्रॅक आला. गायक पेन ड्राइव्ह घेऊन येतो, मागचं सगळं संगीत त्यात भरलेलं असतं. मंडळाला जे परवडतं तेच मंडळ करणार, त्यात कुणाला दोष द्यावा? पण वादकाच्या हातातलं कसब काही ट्रॅक आला म्हणून संपत नाही. ते आत साचून राहतं.

आमच्यात लीड गिटारला बापू आहेत, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. ड्रमला मिरजेचे भाई. ते बँडपार्टीत वाढले. वरातीपुढे चालत साइड ड्रम वाजवून त्यांचे खांदे घडलेत. आण्णा कीबोर्डवर असतात, आणि त्यांची पेटी भजनी मंडळातली. गायला ताई. ऑर्केस्ट्राच्या पोस्टरवर त्यांचं नाव कधी छापलं गेलं नाही, नुसतं 'फिमेल व्हॉइस' एवढंच असायचं. आता प्रत्येक गाणं त्यांच्या आवाजाच्या पट्टीत बांधलं जातं. मला विचाराल तर आमच्या बँडमधली सगळ्यांत न्यायाची गोष्ट ही आहे.

सराव मार्केट यार्डातल्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याच्या गोदामात चालतो. हळदीची आवक सुरू झाली की जागा सोडायची, असं ठरलेलं आहे. रिकाम्या गोदामात पत्र्याखाली आवाज इतका घुमतो की ड्रमचा एक ठोका चार वेळा ऐकू येतो. आम्ही भिंतींना जुनी पोती आणि घरोघरच्या वाकळा टांगल्या. त्यांनी झांजांचा चरचराट शोषला, पण माझा बेस त्यांना दाद देईना. खर्जातला आवाज कोपऱ्यात साठतो आणि पातळ कापडाला जुमानत नाही. मग आवाज मोठा करणारा अँपच कोपऱ्यातून उचलून मधे आणला, तेव्हा कुठे स्वर वेगवेगळे कळू लागले. हळदीची पूड मात्र साउंड मिक्सरच्या सरकत्या बटणांत, म्हणजे फेडरमध्ये, शिरते ती शिरतेच. सरावाला बसण्याआधी आण्णा रंगाचा बारीक ब्रश घेऊन ते फेडर एकेक करून झाडतात.

आता थोडं रॉकच्या आवाजाबद्दल. अनेकांना तो गोंगाट वाटतो. मला त्याचं मिरजेशी जवळचं नातं दिसतं. इलेक्ट्रिक गिटारचा तो गुरगुरणारा, खरखरीत आवाज म्हणजे डिस्टॉर्शन. अँपला झेपेल त्याहून मोठा सिग्नल दिला की आवाजाच्या लहरीची वरची-खालची टोकं छाटली जातात, आणि त्या छाटलेल्या लहरीतून मूळ स्वराचे वरचे स्वयंभू स्वर, म्हणजे त्याच्यातच दडलेले उंच स्वर, मोठे होऊन बाहेर पडतात. आता तानपुरा आठवा. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीचा माथा किंचित उतार देऊन घासलेला असतो. तार त्या उतारावर हलकेच टेकत-सुटत कंप पावते, खाली सुताचा दोरा नेमक्या जागी सरकवला की स्वयंभू स्वर खुलतात. हीच जवारी. एकीकडे वीज आहे, दुसरीकडे हाड आणि सूत. पण कानाला दोन्हीकडे एकच गोष्ट हवी असते, ती म्हणजे एका स्वरात अनेक स्वर.

आणखी एक गंमत आहे. डिस्टॉर्शन लावून सा-ग-प अशी तीन स्वरांची पूर्ण कॉर्ड छेडली, तर स्वरांच्या आपसातल्या बेरजा-वजाबाक्यांतून नवेच बेसूर आवाज तयार होतात आणि सगळा चिखल होतो. म्हणून रॉकचे गिटारवाले गंधार काढून टाकतात आणि फक्त षड्ज-पंचम वाजवतात. त्याला पॉवर कॉर्ड म्हणतात. म्हणजे तानपुऱ्याची जोडीच की! गंधार नाही म्हटल्यावर तो कोमल घ्यायचा की शुद्ध, हे गाणाऱ्यावर सोडलेलं असतं. बापू सा-प धरून उभे राहतात, आणि ताई त्यावर एकदा कोमल गंधाराच्या काफीच्या अंगानं जातात, एकदा शुद्ध गंधाराच्या भैरवाच्या. पहिल्यांदा हे घडलं तेव्हा भाई ड्रम सोडून नुसते ऐकत बसले होते.

मिरजेत सतार आणि तानपुरा घडवण्याचं काम एकोणिसाव्या शतकापासून चालत आलंय. शस्त्रांचं काम करणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांचं नाव त्यात पहिलं घेतात. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून भोपळे येतात आणि सतारमेकर गल्लीत त्यांची वाद्यं होतात. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. बापूंच्या गिटारची एक तार सारखी झणझणायची. तारा ज्या हाडाच्या पट्टीच्या खाचांतून जातात, तिथे काहीतरी अडत होतं. मिरजेतल्या एका कारागिरानं गिटार मांडीवर आडवी घेतली, तार छेडली, कान जवळ नेला. कानशीचा एक हात मारला. पुन्हा छेडली, पुन्हा ऐकलं, खाचेतला चुरा फुंकला. इलेक्ट्रिक गिटार त्यांच्यासाठी रोजचं वाद्य नव्हतं, पण तारेचं दुखणं त्यांना ऐकूनच कळलं.

जुन्याजाणत्यांनी असा बँड करणं ही काही आमचीच कल्पना नाही. १९८८ साली जॉर्ज हॅरिसन, बॉब डिलन, रॉय ऑर्बिसन, टॉम पेटी आणि जेफ लिन हे पाच नामांकित रॉक संगीतकार एकत्र आले. पहिलं गाणं त्यांनी डिलनच्या घरच्या गॅरेजमध्ये केलं. अल्बमवर स्वतःची गाजलेली नावंसुद्धा घातली नाहीत, ट्रॅव्हलिंग विल्बरीज नावाच्या एका काल्पनिक कुटुंबातले भाऊ म्हणून वाजवलं. त्यांच्यामागे मोठ्या कंपन्या होत्या, तेव्हा त्यांची आपली बरोबरी करत नाही. पण नाव बाजूला ठेवून वाजवायला बसणं मला फार आवडतं.

आपल्याकडचं बोलायचं तर मुंबईतला रॉक मशीन १९८४ चा. गिटारवर महेश तिनईकर, गायला उदय बेनेगल. १९९३ मध्ये त्यांनी इंडस क्रीड हे नाव घेतलं, नव्वदच्या दशकाच्या शेवटी बँड थांबला. २०१० मध्ये ही मंडळी पुन्हा उभी राहिली आणि २०१२ मध्ये त्यांनी नव्या गाण्यांचा अल्बम काढला. जुन्या गाण्यांवर कार्यक्रम करत राहणं त्यांना सोपं गेलं असतं. कोलकात्यात गौतम चट्टोपाध्याय यांनी १९७५ च्या सुमारास मोहिनेर घोडागुली हा बँड केला. बंगालचं बाउल लोकसंगीत, जॅझ, रॉक असं सगळं बांगला गाण्यात आणलं. तेव्हा फारसं कुणी ऐकलं नाही. वीस वर्षांनी त्याच गौतमबाबूंनी तरुण पोरांना बरोबर घेऊन नवा संग्रह काढला. आणि दिल्लीचा इंडियन ओशन. १९९० पासून चालू असलेला, तबला मांडीशी घेऊन गाणाऱ्या असीम चक्रवर्तींचा. २००९ च्या डिसेंबरात ते गेले. पुढच्या वर्षी बँडनं त्यांच्या आवाजातली गाणी दर महिन्याला एक याप्रमाणे इंटरनेटवर फुकट दिली. मग नवे साथीदार घेऊन पुढे वाजवत राहिले. माझ्या मते स्वतंत्र बँड म्हणजे हा.

पण स्वतःचं गाणं करायला बसलं की खरी परीक्षा सुरू होते. आमची बोटं हजारो तयार म्युझिक पीसेसनी भरलेली. आण्णा काहीतरी सुंदर वाजवतात आणि ताई लगेच म्हणतात, "आण्णा, हे आधीच कुणाचं तरी हाय." मग ते गाळायचं. सुरुवातीला प्रत्येक सरावात असं व्हायचं. हळूहळू एक उपाय सापडला. वाद्य हातात घेण्याआधी गाणं कशाबद्दल आहे, ते एकमेकांना बोलून दाखवायचं. बोलता बोलता चाल निघायला लागली.

आमचं पहिलं पुरं झालेलं गाणं महापुराचं आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ, जिथे पुराची पातळी मोजतात, कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. त्या दिवसांत सांगलीत कुणी कुणाला 'कसं काय' विचारत नव्हतं, सगळे एकच विचारायचे. तेच धृपद झालं:

किती फूट झालं रं, किती फूट झालं?
आयर्विनला विचारा, पाणी कुठं आलं?

ताई हे पहिल्यांदा सहज म्हणतात, दारात उभं राहून शेजारणीला विचारावं तसं. खाली नुसती पेटी. ४० फूट ही इशारा पातळी, तिथे माझा बेस सुरू होतो, एकाच स्वरावर. ४५ ही धोका पातळी, तिथे बापूंचं डिस्टॉर्शन पहिल्यांदा येतं. तोपर्यंत ते हात बांधून उभे असतात. एवढा वेळ न वाजवता उभं राहणं जमायला वय लागतं, हे मी तरुण वादकांचा मान राखून सांगतो. ती मुलं आमच्यापेक्षा सफाईनं वाजवतात. पुढे लय वाढत नाही, फक्त प्रत्येक आवर्तनात एकेक वाद्य भरत जातं, कारण पाणी धावत आलं नव्हतं, चढत आलं होतं. हे म्हणणं भाईंचं, आणि ते शंभर टक्के खरं आहे.

शेवटचं कडवं पाणी ओसरल्यावरचं, खराट्याचं आणि गाळाचं. त्यात आण्णांच्या पेटीची गोष्ट आहे. ती पेटी पुरात बुडाली. लाकूड फुगलं, भाता सुटला, सरसाचे सांधे उकलले. पितळी सूर तेवढे धुऊन-पुसून वाजले. ते सूर नव्या खोक्यात बसवून घेतले, आणि गाण्याच्या सुरुवातीला जी पेटी ऐकू येते ती हीच.

वादकमित्रांना दोन कामाच्या गोष्टी सांगायच्या आहेत. पहिली, गाण्याची वही ठेवा. शब्द कुणाचे, चाल कुणाची, तारीख, आणि सगळ्यांच्या सह्या. आपल्या कायद्यात गीतकार-संगीतकाराचा हक्क त्यांच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं राहतो. २०१२ च्या दुरुस्तीनं रॉयल्टीतला त्यांचा वाटा आणखी पक्का केला. १९६९ साली स्थापन झालेली आयपीआरएस ही संस्था गीतकार-संगीतकारांसाठी ती रॉयल्टी गोळा करते. आम्ही जन्मभर वाजवलं आणि कागदावर कुठेच नव्हतो, म्हणून हे कळकळीनं सांगतोय.

दुसरी गोष्ट कानांची. ८५ डेसिबलचा आवाज आठ तासांपर्यंत चालतो असं मानतात, आणि पुढे दर तीन डेसिबलला ती मुदत निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं. बंद जागेत ड्रम आणि गिटारचा आवाज सहज तिथवर जातो. भाईंच्या उजव्या कानात बँडपार्टीच्या दिवसांपासून शिट्टी वाजते, ती रात्रीसुद्धा थांबत नाही. आता आम्ही सगळे इअरप्लग घालतो आणि मधे मधे बाहेर जाऊन चहा घेतो. तरुण पोरांनी तर हे पहिल्या दिवसापासून करावं.

श्रोतेहो, असा एखादा बँड तुमच्या भागात वाजवणार असेल तर जरूर जा. एक विनंती मात्र आहे. समोरून जुन्या गाण्याची फर्माईश करू नका. ती गाणी आम्हाला येतात, प्रेमानं वाजवलीत, घरी बसून तुमच्याबरोबर पुन्हा वाजवू. त्या दिवशी नवीन ऐका. आणि एखादं गाणं जमलेलं नाही असं वाटलं, तर कार्यक्रम संपल्यावर सरळ मागे या आणि भाईंना सांगा. ड्रम सोडवून पेट्यांत भरायचे असतात, त्यामुळे सगळ्यांत शेवटी तेच निघतात.

नमस्कार.