साउंडवेव्हचे किती द्यायचे? आधी हा आकडा बघा

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओत कपाटातला हा साउंडवेव्ह, म्हणजे कॅसेट प्लेअरचा रोबो होणारं जुनं खेळणं, दिसला आणि तेव्हापासून कमेंटमध्ये एकच प्रश्न आहे, "दादा, याचे किती द्यायचे?"

थोडक्यात ओळख. मूळचा जपानच्या ताकारा कंपनीचा, मायक्रो चेंज या खेळण्यांच्या मालिकेतला. १९८४ मध्ये हॅस्ब्रो कंपनीने तोच ट्रान्सफॉर्मर्स म्हणून अमेरिकेत आणला. बॉक्ससकट महाग, सुटा स्वस्त. हे तुम्हाला माहीतच आहे.

अडतं ते पुढे. तुम्ही ईबे ही खरेदी-विक्रीची वेबसाइट उघडता, पहिल्या लिस्टिंगवरचा आकडा बघता आणि तोच भाव धरून बसता. अहो, तो भाव नाही, ती विकणाऱ्याची अपेक्षा आहे! फिल्टरमध्ये जाऊन 'सोल्ड आयटम्स' निवडा. गिऱ्हाइकाने पैसे मोजले, तो भाव.

एकाने लिहिलंय, "तिघेजण तेवढेच मागतायत, म्हणजे तोच रेट असणार." नाही हो. तिघांनी एकमेकांचं बघून आकडा टाकलाय आणि तिघांचाही माल पडून आहे. मी स्वतः एक रोबो विकायला काढला होता. चार महिने कुणी विचारलं नाही. विकल्या गेलेल्या भावावर आणला, तर दोन दिवसांत गेला.

आणि सोल्डमध्येही आकड्यावर काट मारलेली दिसली, तर सौदा त्याहून कमीत ठरलाय. किती कमी, ते तिथे दिसत नाही. असे व्यवहार बाजूला ठेवा, उरलेल्यांतले आपल्या नगासारखेच तेवढे जुळवा.

'सारखेच' का म्हणतो, ते बघा. हा पाठीवरचा कप्पा उघडतो. आत या दोन रुपेरी बॅटऱ्या दिसतात ना? ही त्याची शस्त्रं आहेत, घडी घातली की बॅटरी होतात. मी घेतला तेव्हा कप्पा रिकामा होता. फोटो फक्त पुढून होते आणि पाठ दाखवा म्हणायचं मला सुचलं नाही. सोबत येणारी बझसॉची कॅसेटही (तीही उघडून रोबो होते) नव्हती. एकेक भाग नंतर जमवला आणि बेरीज पूर्ण नगाच्या किमतीच्या वर गेली. म्हणून आधी पाठीचा फोटो मागवा. अंगावर छापलेल्या सालावरही जाऊ नका, ते कॉपीराइटचं साल असतं. नव्याने काढलेल्या नगावरही जुनं साल असू शकतं.

बाहेरून मागवताना पोस्टेज आणि कस्टम ड्यूटी धरूनच बोली लावा. २०२० मध्ये खेळण्यांवरची मूळ ड्यूटी २० वरून ६० टक्के झाली, पुढेही दर बदललेत. त्या दिवशीचा दर बघा.

आणि ज्यांनी ब्लॅक झारकचा, म्हणजे सोनेरी भाग असलेल्या दुसऱ्या एका ट्रान्सफॉर्मरचा, फोटो पाठवलाय त्यांना सांगतो, त्या काळातलं ते चमकी मिसळलेलं सोनेरी प्लास्टिक कपाटात ठेवल्या ठेवल्या ठिसूळ होतं. खरेदीआधी हवे तेवढे फोटो मागा, पण सांधा फिरवून दाखवा म्हणू नका. फिरवताना तो हातातच तुटू शकतो.