अक्षर वाचण्याआधी बघायला हवं
(नाशिक इथे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, शाळेच्या सहलीबरोबर पांडवलेण्यांवर गेला नाही असा नाशिककर विरळाच. तिथल्या दहा नंबरच्या लेण्याच्या व्हरांड्यात शक राजा नहपान याचा जावई उषवदात याचा लेख आहे. भिक्षूंसाठी त्याने ३००० कार्षापणं, म्हणजे त्या काळची नाणी, ठेव म्हणून ठेवली. त्यातली २००० गोवर्धनातल्या विणकरांच्या एका श्रेणीकडे, म्हणजे व्यवसाय-संघाकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने, उरलेली १००० दुसऱ्या श्रेणीकडे पाऊण टक्क्याने. पुढे नारळाच्या ८००० झाडांचं दान आहे, आणि देव-ब्राह्मणांना दिलेली ७०,००० कार्षापणं. या लेखातून व्याज कळतं, व्यापार कळतो, त्यावर भरपूर लिहिलंही गेलं आहे. आज मला तुम्हाला त्या लेखाचं रूप दाखवायचं आहे.

या रकमा तिथे शब्दांत आहेत आणि आकड्यांतही. तेव्हा शून्य नव्हतं, स्थानमूल्य नव्हतं. एक म्हणजे एक आडवी रेघ, दोन म्हणजे दोन, तीन म्हणजे तीन. चारला मात्र रेघा संपतात आणि एक वेगळंच चिन्ह येतं. हजारासाठी स्वतंत्र चिन्ह आहे. २००० लिहायचे तर त्याला एक जादा रेघ जोडायची, ३००० साठी दोन. पण ८००० ला रेघा वाढवत नाहीत, हजाराच्या चिन्हाला आठाचं चिन्हच चिकटवतात. ७०,००० ला सत्तराचं. म्हणजे मोजणी सुट्या आकड्यांची असो की हजारांची, तीन झाले की रेघांचा हिशेब बंद!

हे एकट्या नाशिकचं नाही. चिनी लिपीतही एक, दोन, तीन या आडव्या रेघा आणि चार हे निराळं अक्षर. बॅबिलोनियाच्या मातीच्या विटांवर खिळ्यासारख्या खुणा तीन-तीनच्या ओळींत रचलेल्या दिसतात. या लोकांनी एकमेकांची नक्कल केली असं मानायची गरज नाही. माणसाचा डोळा तीन-चारपर्यंतच्या वस्तू न मोजता ओळखतो, त्यापुढे त्याला मोजावं लागतं. मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत हे पुन्हा पुन्हा दिसलं आहे. उषवदाताच्या लेखकाला ती प्रयोगशाळा ठाऊक नव्हती, पण त्याच्या हाताला ही मर्यादा बरोबर कळली होती. मला हा लेख त्यासाठी फार मोलाचा वाटतो. आपल्या आजच्या २ आणि ३ मध्येही त्या रेघा आहेतच. भरभर लिहिताना त्या एकमेकींना जोडल्या गेल्या, एवढंच.

आता अक्षरांकडे. एकोणीस नंबरच्या लेण्यात सातवाहन राजा कृष्ण याच्या काळातला लेख आहे. त्याची अक्षरं साधी, सडसडीत आहेत. त्यानंतरच्या काळातल्या दहा नंबरच्या लेण्यात याल तेव्हा अक्षरांचे माथे बघा, ते जाड झालेले दिसतील. दगडावर छिन्नीला असा माथा काढायचं काहीच कारण नाही. शाईत बुडवलेलं रुंद टोकाचं कलम टेकवलं की तिथे अशी जाडी आपोआप उमटते. पाथरवट दगडावर कलमाची अक्षरं कोरू लागला होता, असाच त्याचा अर्थ लिपीचे अभ्यासक लावतात. त्या माथ्यांतून पुढच्या शतकांत आपली शिरोरेघ तयार झाली. मोडी लिहिणाऱ्यांनी तर क्रमच उलटा केला. आधी कागदभर रेघ ओढायची आणि मग तिच्याखाली बोरू न उचलता लिहीत सुटायचं.

जगभरच्या लिप्या शेजारी ठेवून त्यांचे आकार मोजण्याचं काम गेल्या वीसेक वर्षांत जोरात सुरू झालं आहे. मार्क चँगिझी आणि शिन्सुके शिमोजो यांनी २००५ मध्ये ११५ लिप्या तपासल्या. एका अक्षराला सरासरी तीनच्या आसपास फटकारे लागतात, लिपीत अक्षरं थोडी असोत की जास्त, असं त्यांना दिसलं. हेलेना मिटन आणि ऑलिव्हिए मोरँ यांनी २०२१ मध्ये १३३ लिप्या घेतल्या, मोजण्याची रीत बदलली, आणि जिथे चिन्हं पुष्कळ तिथे प्रत्येक चिन्ह सरासरीने जास्त गुंतागुंतीचं असतं असं मांडलं. मोजमापावरचा हा वाद मला निरोगी वाटतो. लायबेरियातल्या वाई लिपीचा अभ्यास तर मुद्दाम समजून घ्यावा असा आहे. १८३३ च्या सुमारास मोमोलू डुवालू बुकेले आणि त्याच्या सोबत्यांनी ती नव्याने घडवली, आणि तेव्हापासूनच्या हस्तलिखितांचा माग लागतो. पिढी दर पिढी तिची अक्षरं सोपी होत गेली, सुरुवातीला तर झपाट्याने.

आपल्या लिपीकडे येऊ. ज्योत्स्ना वैद आणि आशुम गुप्ता यांनी २००२ मध्ये हिंदी वाचकांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. पहिली वेलांटी कागदावर व्यंजनाच्या आधी येते, उच्चारात नंतर. अशा शब्दांना वाचकांना जास्त वेळ लागतो असं त्यात आढळलं. पहिलीच्या वर्गात शिकवणाऱ्या बाईंना हे कुणी सांगायला नको. पण बाईंचा अनुभव आणि मोजलेला वेळ या दोन्ही गोष्टी आपल्याला हव्यात, आणि त्या मराठी मुलांच्या हव्यात.

दुसरं उदाहरण ‘ल’चं. आपण पाकळीचा ल गिरवत आलो, हिंदीत दांडीचा ल चालतो. राज्य शासनाच्या २००९ च्या वर्णमालेतही पाकळीचाच आहे. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकासाठी प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, मात्र दोघांना मिळून एकच क्रमांक आहे, त्यामुळे पडद्यावर कुठला दिसेल हे फाँट ठरवतो. कित्येक फाँटमध्ये मराठी आकार घालून ठेवलेला असतो, पण मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी नोंदवली नसेल तर तो बाहेरच येत नाही. मग मूल पाटीवर एक ल काढतं आणि मोबाइलवर दुसराच वाचतं. याने त्याचं वाचन अडतं का, किती अडतं? माझ्या मते हा प्रश्न नाशिकच्या शाळांमध्येच सोडवता येईल. इथल्या डी.एड., बी.एड.च्या विद्यार्थ्यांनी तो प्रकल्प म्हणून घ्यावा. तेच शब्द दोन्ही ‘ल’ वापरून छापायचे, पहिल्या वेलांटीचे शब्द वेगळे काढायचे, पालकांची संमती घ्यायची आणि प्रत्येक शब्दाला लागलेला वेळ नोंदवायचा. ज्यांना हे करायचं असेल त्यांनी आता थांबावं, शब्दांची यादी आपण इथेच बसून करू.